अक्का, गूळ वाटू नका

वसमत, ६ जानेवारी

अक्कांना जयभीम.

पत्र माझं आहे म्हणून फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा. आमच्या करुणाच्या लग्नात तुम्ही सगळ्या मांडवादेखत शपथ घेतलीत की जनकाशी जन्मात बोलणार नाही. फोन केला की तुम्ही तो सुनेच्या हातात देता आणि बाजूला बसून ऐकता. तुमचा खोकला मला इकडे ऐकू येतो. पण वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे, म्हणून कागद घेतला. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं अहवाल लिहिले, एक पत्र काय जड आहे!

बातमी अशी की तुमच्या भावाचं ऑपरेशन ठरलं. दिवाळीपासून पाठ दुखत होती. हे म्हणायचे, गॅस आहे. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून यांना सगळंच गॅसचं वाटतं. शेवटी मूतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली तर खडा नाही, भलतंच निघालं. हृदयाकडून पायांकडे रक्त नेणारी जी मोठी नळी पोटातून जाते, तिला फुगा आलाय. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. फुटला तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही म्हणे. बिडीने केलं हे सगळं. तुम्हीच लाडाने कधी ओरडला नाहीत, मी ओरडले तर मी कजाग.

नांदेडला डॉक्टर गोपीचंद राठोड आहेत, सेनगावकडच्या तांड्यावरचे. मोठा सज्जन माणूस. पोट उघडून फुग्याच्या जागी कापडाची नळी शिवणार आहेत. त्या फुग्यातूनच एक बारीक फांदी डाव्या अंगाच्या मोठ्या आतड्याला रक्त पुरवते. ती बहुतेक बंद करावी लागते. बाकीच्या फांद्यांनी काम भागवलं तर ठीक, नाहीतर आतडं रक्तावाचून उपाशी राहतं. ते म्हणाले, "मावशी, आत असताना मी तपासून घेईनच. पण नंतरचे पहिले काही दिवस यांच्या पोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं." हे सगळं त्यांनी मला एकटीला समोर बसवून समजावलं. आणखीही बरंच सांगितलं. ते माझ्या ध्यानात आहे, तेवढं पुरे.

तुम्ही यायची गरज नाही. तिथे पेशंटजवळ एकच माणूस ठेवतात आणि ते माणूस मी आहे. यांनी काही तुमची आठवण काढलेली नाही. तुमची पल्लवी नांदेडातच राहते म्हणून डबा आणते म्हणाली. आणू दे. मी नको म्हटलं तर पुन्हा माझंच नाव.

आता लिहायलाच बसले आहे तर एक लिहिते. तुम्हाला वाटतं मी लग्नातलं विसरले. पोरगी माझी, नऊ महिने मी वाहिली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची वेळ आली तेव्हा यांनी माईकवरून हाक कुणाला मारली? "अक्का, ये." तुम्ही दोघं भाऊ-बहीण मेणबत्ती लावत होता आणि मी फुलांचं ताट धरून बाजूला उभी, केटरिंगच्या बाईसारखी. मग मी बोलले ते बोलले, की हा तुमचा कोंडू असेल, माझा नवरा आहे. तुम्ही आई गेल्यावर त्याला वाढवलं, खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं, हे मी गेली चाळीस वर्षं ऐकते. ऐकून ऐकून पाठ झालंय. मी केलं त्याचं कुणी काही पाठ केलेलं नाही.

ऑपरेशन नऊ तारखेला. कळवायचं माझं काम, ते केलं.

जनका


नांदेड, १० जानेवारी

अक्का,

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पाच-सहा तास लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मी खुर्चीत बसले. नळी बसली, पायांत रक्त बराबर उतरतंय, आतड्याचा रंगही बंद करायच्या आधी बघून घेतला म्हणाले.

सकाळी घशातली नळी काढली. शुद्धीवर आल्यावर यांनी आधी पाणी मागितलं. पाणी द्यायचं नाही, कापसाने ओठ ओले करायचे. ते मी करते. नाकातून एक नळी पोटात सोडलीय, तिच्यातून हिरवं पाणी पिशवीत येतं. आतडी झोपलेली आहेत म्हणे. पोट इतकं उघडून हाताळलं की ती रुसून बसतात, चार-पाच दिवसही घेतात. ती आपणहून जागी व्हायची वाट बघायची, घाई करून खाऊ घातलं तर पोट फुगतं, उलटी होते, टाक्यांवर ताण येतो. म्हणून दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन पोटावर नळी लावून आवाज ऐकते आणि मान हलवते. मीही तिच्या तोंडाकडे बघते.

आतड्यांना जागं करायला काय सांगितलं असेल? च्युइंगम! वसमतच्या स्टँडवर पोरं चघळतात ते. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण आलं, आणि ती हालचाल सुरू करतात. मिना सिस्टर म्हणाली तेव्हा मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच आहे. चांगलं भानावर आल्यावर द्यायचं. आणायला मी उठते तोवर तुमची पल्लवी खाली जाऊन बडीशेपेच्या वासाचं घेऊनही आली. आणि हे तिच्याकडे बघून हसले. ऑपरेशननंतरचं पहिलं हसू, आणि ते कुणाला, तर च्युइंगम आणणारीला. मी रात्रभर लोखंडी स्टुलावर बसून पाठीचा खुळखुळा करून घेतला, त्याचं काही नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तुम्ही ज्वारीच्या कण्यांची पेज पाठवलीत थर्मासमधून. कुणाला पाठवलीत, अक्का? माणसाला थेंबभर पाणी बंद आहे. पल्लवी म्हणाली, "आईनं लई जीव लावून केली, मामाच्या उशाला निदान ठिव तरी." उशाला ठेवायला ती काय तसबीर आहे? मी प्याले ती. जिरे-लसणाची फोडणी चांगली होती, तेवढं कबूल करते.

तुमच्या शिरड शहापूरहून फोन येतच असतात. पल्लवीच्या फोनवर, माझ्या नाही. सगळ्यांचा एकच सवाल: "संडास झाली का?" आपल्याकडे माणसाचं पोट साफ झालं की माणूस बरा झाला. मीही इतकी वर्षं पोरांच्या आयांना तेच विचारत आले. झाली की कळवीन. मीच कळवीन.

आज बिछान्यावर उठवून बसवलं. उद्या खोलीत हलवणार. डॉक्टर म्हणतात चालवायला पाहिजे, जितकं लवकर चालतील तितकी आतडी लवकर जागी होतील. हे माझ्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले तेव्हा कण्हत होते, पण उभे राहिले.

जनका


नांदेड, ११ जानेवारी, दुपार

अक्का, गूळ वाटू नका. वाटून झाला असेल तर झाला, पण शेजारीपाजारी आणखी सांगत बसू नका. बरं झालेलं नाही.

मी काय झालं ते लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सुनेला विचारा.

सकाळी यांना खोलीत आणलं. मी अंघोळीला धर्मशाळेत गेले. पल्लवीला बसवून गेले, मन नव्हतं पण गेले. परत आले तर ती जिन्याच्या तोंडाशीच उभी, तोंडभर हसू. "मामी, मामाला झाली! पातळ झाली, पण झाली बघा! समदं म्याच साफ केलं, वार्डातल्या मावशीला हाक बी न्हाई मारली. आईला फोन केला, आई गूळ वाटून राहिली गल्लीत."

मला काय वाटलं ते लिहू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस या एका बातमीची वाट बघत मी बसले होते. अंघोळीपुरती उठले आणि ती बातमी तुमच्या लेकीच्या पदरात पडली. तुम्ही तिकडे गूळ वाटायलाही मोकळ्या. मी कुणाला कळवायचं मग? कुणी उरलंच नाही.

मग मला शंका आली. पोटात अन्नाचा कण नाही, डॉक्टर म्हणाले चार-पाच दिवस, मग दोनच दिवसांत झाली कशी? मी तिला खोलीबाहेर धरलं. म्हटलं, "तू पेज पाजलीस. आईची पेज पाजलीस चोरून." ती रडायलाच लागली. "शप्पत मामी, थेंब न्हाई दिला. काळंकाळं पानी व्हतं, आतलं साचलेलं आसंल, निगालं ते बरंच झालं न्हाई का?" मी ऐकून घेतलं नाही. तशीच तरातरा मिना सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, या बाईने पेशंटला परस्पर खायला घातलंय, त्यांना जुलाब झालेत, हिला उद्यापासून वर सोडू नका.

सिस्टरने माझी तक्रार ऐकलीच नाही, अक्का. तिचा चेहराच बदलला. "जुलाब? कधी? रंग कसा होता? चादर कुठंय?" पल्लवीने चादर गुंडाळून न्हाणीतल्या बादलीत टाकली होती. सिस्टरने ती तिथेच उलगडली. काळं नव्हतं. लाल होतं. कडेला गडद लाल आणि मध्ये शेंबडासारखं. मग तिने यांच्या पोटाच्या डाव्या अंगाला हात दाबला तर हे ओरडले. सकाळपासून दुखत होतं म्हणाले. "मला वाटलं टाकेच दुखून राहिले. काहून तकलीफ द्यायची कुनाला?"

डॉक्टर धावत आले. पल्लवीला विचारून झालं, तिने खरंच काही दिलेलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, ती जी बारीक फांदी बंद केली, तिच्या वाटणीच्या आतड्याला रक्त पुरत नसावं. उपाशी आतड्याची आतली कातडी सोलवटते आणि रक्ताचे जुलाब होतात. बघणाऱ्याला वाटतं पोट मोकळं झालं. आता खालून दुर्बीण घालून बघताहेत. मी सही केली. आतडं मेलेलं असेल तर आजच पुन्हा पोट उघडायचं, तो तुकडा काढायचा आणि पोटावर पिशवी लावायची, असं बोललेत. इतक्या लवकर दुसरं ऑपरेशन यांच्या जिवाला झेपेल का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पल्लवी समोरच्या बाकावर बसली आहे. मी या बाकावर. ती माझ्याकडे बघत नाही.

दार उघडलं. थांबा.

मेलेलं नाही. अक्का, मेलेलं नाही! काही ठिकाणी काळसर डाग आहेत, पण आतली कातडीच दुखावली आहे, खालपर्यंत गेलेलं नाही. आत्ता कापायचं नाही. रक्तदाब पडू द्यायचा नाही, भरपूर सलाईन, जालीम अँटिबायोटिक, तोंडाने काही नाही, आणि पोटावर सतत नजर. दोन दिवसांनी पुन्हा दुर्बीण. डाग पसरले तर मात्र कापावंच लागेल.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, वेळेवर सांगितलंत. संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर मी वेगळं काही बोलत असतो."

जनका


नांदेड, १४ जानेवारी

अक्का,

काल पुन्हा दुर्बीण घातली. डाग फिके पडलेत, कडेने गुलाबी दिसतंय. रक्त थांबलं. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले कापायची गरज पडणार नाही असं दिसतंय. सिस्टरने टाळ्या वाजवल्या.

या मजल्यावर मी आता मोठी हुशार बाई झाले आहे. कुणी नवा पेशंट आला की वॉर्डातली मावशी त्यांच्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवते, "त्या जनकाबाई, त्यांच्यामुळं त्यांचा मालक वाचला." शेजारच्या खोलीतली बाई मला विचारून जाते, काय काय बघायचं. मी सांगतेही. पोट फुगलं तर सांगा, डावीकडे दुखलं तर सांगा, लवकर जुलाब झाले तर नाचू नका, रंग बघा, चादर धुवायच्या आधी सिस्टरला दाखवा. ती मान डोलावते. मला लाज वाटते, तरी सांगते.

लाज का, ते तुम्हालाच लिहिता येतं, कारण तुम्ही बोलत नाही. मी सिस्टरकडे यांना वाचवायला गेलेच नव्हते. तुमच्या पोरीला बाहेर काढायला गेले होते. आणि पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं ना, डॉक्टरांनी आणखी बरंच सांगितलं, ते माझ्या ध्यानात आहे? त्यात हेच होतं. "पहिल्या दोन-तीन दिवसांत जुलाब झाले, रक्त दिसलं, तर ती खुशखबर समजू नका, पळत येऊन सांगा." हे मला ठाऊक होतं. पल्लवीला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं सांगणं माझं होतं, तिला कशाला वाटा द्यायचा? तुमच्या घरातल्या माणसांना यांच्यातलं आधीच पुष्कळ मिळालंय, एवढं तरी माझ्यापाशी राहू दे, असं वाटलं. आणि पल्लवीने तोंडावर "झाली" म्हटलं तेव्हा डॉक्टरांचं ते वाक्य मलाही आठवलं नाही. आधी तुमचा गूळच डोळ्यांपुढे आला.

म्हणजे माझ्या जळण्याने यांना मरणाच्या दारात नेलं आणि त्यानेच परत आणलं. हिशेब कुठल्या बाजूला मांडायचा ते मला कळत नाही. तुम्ही मांडा.

आणखी एक. घशातली नळी काढल्यावर यांनी पाणी मागितलं असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. हे म्हणाले, "अक्का." आवाज फुटत नव्हता, तरी दोनदा म्हणाले. सिस्टरने मला विचारलं, अक्का कोण, बोलवा त्यांना आत. मी म्हटलं, असं कुणी नाही, गुंगीत बडबडताहेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही म्हणाले होते, "जनका, अक्काला एकदा बोलव की. तिला बगून आत जातो." मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. बघा, ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती!

पल्लवी त्या दिवशी निघून गेली ती आता येणार नाही असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा थर्मास घेऊन हजर. मी तिला डॉक्टरांचा सगळा निरोप सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामी, ह्ये आधी सांगितलं आसतं तर म्या आईला कशाला फोन केला आसता?" मी चहा प्याले.

तिनेच तुमचा निरोप दिला. "आई म्हनती, जनका सोताहून ये म्हनल्याबिगर म्या येनार न्हाई. भाऊ मेला तरी न्हाई." उचलली जीभ लावली टाळ्याला, तुमची जुनी रीत. पण तुम्ही त्या दिवसापासून जेवत नाही, नुसता चहा घेता, हेही तिने सांगितलं. अक्का, मला "या" असं लिहिता येत नाही. अजून नाही. पेन तिथवर जातं आणि थांबतं. माणूस वाचला म्हणून माझा स्वभाव मेला असं थोडंच आहे.

एक बातमी मात्र पहिल्यांदा तुम्हालाच. आज सकाळी मी यांना व्हरांड्यात चालवत होते. एक हात सलाईनच्या दांडीवर, एक माझ्या खांद्यावर. तोंडात च्युइंगम. खिडकीपर्यंत गेलो आणि वळताना यांच्या पोटातून वारा सरला, असा मोठ्याने की समोरून येणारा वॉर्डबॉय थबकला. हे ओशाळले. मी तिथेच मोठ्यांदा हसले. सिस्टर म्हणाली, "काका, हेच तर हवं होतं!" यांनी मला विचारलं, "काहून हसून राहिली? रडून बी राहिली की." खरंच, दोन्ही चाललं होतं.

आता उद्या पाणी. मग नारळपाणी. मग पातळ पेज, कुणाच्याही हातची.

जनका


वसमत, ९ फेब्रुवारी

अक्का,

आम्ही घरी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. हे चांगले आहेत. अंगात रक्त कमी, वजन उतरलंय, पण सकाळी अंगणात उन्हाला बसतात, बाजारात हळदीचा भाव काय निघाला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, विकायला आमच्याकडे हळदीची कांडी नसताना. बिडी सुटली. सोडवली. पोट रोज साफ, रंग मी रोज बघते, हे चिडतात.

परवा नांदेडला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पोट तपासलं, टाके बघितले, समाधानी दिसले. मग यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "यांना सख्खी भावंडं किती?" म्हटलं, एक बहीण, थोरली. "वय?" सत्तरीला टेकल्या. "बिडी-तंबाखू?" मी म्हटलं, मिश्री लावतात, आणि तंबाखू खातात, लपवून खातात पण सगळ्या गावाला माहीत आहे. ते म्हणाले, "हा आजार रक्तात उतरतो, मावशी. सख्ख्या भावा-बहिणींमध्ये असू शकतो. बायकांना कमी होतो, पण झाला तर लवकर फुटतो. एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या त्यांची. लहान असताना सापडला तर नुसती नजर ठेवता येते."

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लपवत नाही. आधी मला काय वाटलं? मला वाटलं, बघा, आजार सुद्धा यांनी तुमच्याशी वाटून घेतला. चाळीस वर्षं मी यांच्या ताटातलं उरलं ते खाल्लं, यांच्या खोकल्यावर रात्री उठले, यांची घाण काढली, पण रक्त विचारायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी माझं नाव घेतलं नाही. बाहेर येईपर्यंत माझा जीव जळत होता. गाडीत बसले, अर्धापूर मागे पडलं, आणि मला पल्लवीचं एक बोलणं आठवलं. दवाखान्यात सहज बोलली होती. "आईची बी पाठ लई दुखून राहिली मामी. तेल चोळून घेती रोज. गॅस म्हनती."

अक्का, तेव्हापासून मला झोप नाही.

तुमच्या भावाला वाचवलं ते मी चुकून वाचवलं. हे मात्र मला चुकून करायचं नाही. मी शुक्रवारची वेळ घेतली आहे, इथे वसमतलाच, यांचा फुगा जिथे सापडला तिथेच. सकाळी उपाशीपोटी यायचं. पहाटे मिश्री लावू नका, चहाही नको. सकाळच्या पहिल्या एसटीने निघा, स्टँडवर मी उभी राहीन. आत मशीनपाशी तुमच्याबरोबर मी येणार, पल्लवी नाही, तिला बाहेर बसवा. काही निघालं तर डॉक्टरांपुढे मी बसेन आणि ते जे जे सांगतील ते घरातल्या सगळ्यांना सांगेन, पहिल्या दिवशी सांगेन. आणि काही निघालं नाही तर इथेच दुपारी जेवून जा. तुमची शपथ आहे, तर बोलू नका. जेवायला बोलावं लागत नाही.

यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. अक्कालाही असू शकतं म्हटलं तर हे टाके तुटेपर्यंत धावत शिरडला येतील. तुम्ही भेटायला येताय, एवढंच सांगणार आहे. तुमच्याबद्दलची एखादी गोष्ट मला ठाऊक आहे आणि यांना नाही, असं या घरात पहिल्यांदा होतंय. ती तुमच्या-माझ्यातच राहू दे.

या, अक्का.

जनका